मुळं बघणाऱ्या बाई

मेथीची जुडी घेताना सगळं जग पानं बघतं. आमच्या बाई मुळं बघायच्या. लोणावळ्याच्या बाजारात जुडी उलटी धरायची, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि मुळांची माती भाजीवालीच्या पुढ्यातच झाडायला लागायचं. भाजीवाली जिभेची तिखट होती. ती म्हणायची, "बाई, तुमी पाला खाताय का मुळ्या?" बाईंना त्याचं काही वाटत नसे. मुळावर बाजरीच्या दाण्याएवढी एखादी गाठ सापडली की ती नखाने चिरायच्या, आत डोकवायच्या आणि म्हणायच्या, "गुलाबी आहे. दे दोन जुड्या." नाही सापडली, तर तुझ्या शेतकऱ्याने युरिया ओतलाय म्हणून तिला तिथल्या तिथे ऐकवायच्या. मग तीच जुडी पिशवीत टाकून घरी यायच्या, कारण भाजी तर करायची असायचीच.

मी त्यांची भाडेकरू. मूळची मिरजेची. लोणावळ्यात एका रिसॉर्टच्या रिसेप्शनवर नोकरी लागली म्हणून आले आणि बाईंच्या माडीवरची खोली घेतली. खोली दाखवताना पाणी कधी येतं, गॅस कुठे मिळतो, यातलं एक अक्षर त्यांनी सांगितलं नाही. मला परसात नेलं, वालाचा एक वेल मुळासकट उपटून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "हे बघ." मला वाटलं, नव्या भाडेकरूला भाजी द्यायची इकडे पद्धत असेल. मी थँक्यू म्हणून वेल घेऊन वर गेले. पुष्कळ दिवस त्या मला त्यावरून चिडवत होत्या.

बाई निवृत्त शिक्षिका होत्या. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, पण सगळ्या पुस्तकातला एकच धडा त्यांच्या मनात मुक्कामाला राहिला. वाल, मूग, हरभरा, मेथी यांच्या मुळांवर गाठी असतात. त्या गाठींत जिवाणू राहतात. ते हवेतलं नत्र पकडून झाडाला देतात आणि झाड त्यांना साखर देतं. गाठ आतून गुलाबी असली म्हणजे काम चालू आहे. पांढरट, हिरवट असली म्हणजे नुसताच मुक्काम. एवढाच धडा. तो मी शाळेत पाठ केला होता आणि परीक्षा झाल्यावर विसरले होते. बाई विसरल्या नाहीत. त्यांच्या पिशवीत पाकीट नसलं तरी चालेल, खुरपं हवंच. फोनवर कुणी तब्येत विचारली तर "गुलाबी आहे" म्हणायच्या आणि पलीकडचा माणूस पुन्हा तब्येत विचारायचा.

माणसांचीही त्या अशीच वर्गवारी करायच्या. एका घरात जन्मलेल्या सगळ्यांनाच गाठी येतात असं नाही, हे त्यांचं आवडतं वाक्य. टाकळा शेंगवाला, मेथीच्याच मोठ्या कुळातला, पण मूळ कोरं. चिंच तशीच. बहावा, आपटा तसेच. एवढी मोठी झाडं, पण मुळाशी कुणी सोबतीला नाही. आमच्या रिसॉर्टचा मॅनेजर माझ्याशी तिरसट बोलला की बाई म्हणायच्या, "टाकळा आहे तो. सोड." समोरच्या बंगल्यातल्या एकट्या राहणाऱ्या कर्नलना त्या चिंच म्हणायच्या, पण आदराने. मी कशातली, असं मी एकदा विचारलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "तू अजून दोन पानांची आहेस. आत्ता काय कळणार?"

चुकीचं वाक्य त्यांच्यासमोरून जिवंत जात नसे, हा त्यांचा दुसरा गुण. चिक्कीच्या दुकानात कुणी मुंबईकर मुलाला सांगत होता की शेंगदाणा म्हणजे गरिबांचा सुकामेवा. बाई रांग सोडून पुढे गेल्या आणि त्याला म्हणाल्या, "सुकामेवा नाही. तुरीचा भाऊबंद आहे तो. मुळाला गाठी असतात त्याच्या." तो माणूस बिचारा सॉरी म्हणाला. हळदीकुंकवाला बोलावलं तर तिथेही हळद हे मूळ नसून खोड आहे, यावर बायकांना ऐकवून यायच्या. बाईंनी लग्न केलं नव्हतं. "नोकरी लागली, मग राहून गेलं," इतकंच त्या सांगायच्या. त्यामुळे अशा समारंभात इतर बायकांची ओटी भरली जायची आणि बाईंच्या हातावर नुसतं वाण ठेवलं जायचं. त्या वेळी त्या हळदीबद्दल जरा जास्तच मोठ्याने बोलायच्या, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

सुरूच्या झाडाची गोष्ट तर गल्लीभर झाली होती. सुरू काही शेंगवाला नाही, पण त्याच्याही मुळांना गाठी येतात आणि त्यात वेगळ्याच जातीचे जिवाणू असतात, असं बाईंनी वाचलं होतं. खंडाळ्याच्या बाजूला एका बंगल्याच्या कुंपणाला सुरूची रांग होती. बाईंनी फटीतून हात घालून खुरप्याने उकरायला सुरुवात केली. वॉचमन धावत आला. "माताजी, इधर क्या गाड़ रहे हो?" बाई शांतपणे म्हणाल्या, "गाड़ नहीं रही, निकाल रही हूँ." झालं. कुणीतरी मालकांवर करणी केली आहे आणि ही बाई ती काढायला आली आहे, अशी त्याची खात्री पटली. मालकीणबाई खाली आल्या, त्यांचा चेहरा उतरलेला. मला रिसेप्शनवर फोन आला आणि मी गणवेशातच रिक्षाने गेले. जाऊन बघते तर बाई ओट्यावर बसून लिंबूसरबत पीत होत्या, आणि मालकीणबाई गुडघ्यावर बसून आपल्या लॉनमधली लाजाळू उपटून दाखवत होत्या, "याला आहेत का हो गाठी?" बाई म्हणाल्या, "आहेत. पण लाजाळूची सोबत कधीकधी निराळ्याच कुळातली असते. ज्याचं त्याचं जुळतं." परतताना मी चिडले होते. बाईंनी रुमालात गुंडाळलेली सुरूची गाठ उघडून मला दाखवली आणि माझी चीड कुठल्या कुठे गेली.

आता बाई नाहीत. मी पुण्यात असते, संसार आहे, नोकरी बरी आहे. तरी बाजारात मेथी दिसली की मी जुडी उलटी करते आणि शेजारी बघते. तिथे कुणी नसतं. त्यांची आठवण येते असं म्हणणं मला पुरत नाही. मला त्या हव्या आहेत, खुरप्यासकट आणि चुका काढणाऱ्या त्या स्वच्छ पुस्तकी आवाजासकट.

तो आवाज त्यांनी कमावलेला होता. बाई परंदवडीच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. नोकरी लागल्यावर गावाकडची बोली त्यांनी धुऊन काढली होती. गावात धाकटा भाऊ होता, बापू. वडील गेल्यावर बाईंनी जमिनीवरचा हक्क त्याच्या नावे सोडून दिला. इकडच्या बहिणी सोडतातच. सही करताना कुणी फारसा विचारही करत नाही. पुढे तिकडे कारखाने आले, गोडाऊनं आली, जमिनीला सोन्याचा भाव आला, आणि बापू बहिणीपासून दूर दूर राहू लागला. आक्का आपला हिस्सा परत मागेल ही त्याची भीती. बाईंनी कधी तसा विषयही काढला नव्हता. दिवाळीला तो पोराच्या हाती तांदळाची पिशवी पाठवायचा, स्वतः यायचा नाही.

एकदा पावसाळ्यात वीज गेली होती, जिन्यात बसून बाई मला गाठींचा इतिहास सांगत होत्या. फार पूर्वी, माणूस नव्हता तेव्हा, कुठल्यातरी एका झाडाला ही सोबत करण्याची युक्ती साधली. त्याच्या वंशात पुढे हजारो जाती झाल्या आणि त्यातल्या पुष्कळांनी सोबत सोडली. जगभर पसरलेल्या या कुळात कुणाला गाठी आहेत, कुणाला नाहीत, त्याचं कारण हे. "काही विद्वान म्हणतात, एकदा नाही, ठिकठिकाणी वेगवेगळी साधली. त्यांच्याकडेही पुरावे आहेत," त्या म्हणाल्या. "पण मला वाटतं, होती आणि हरवली."

"का सोडली असेल पण?" मी विचारलं.

"सोबतीला पोसावं लागतं. जमिनीत आयतं मिळायला लागलं की कोण कुणाला पोसतो?" मग थांबून म्हणाल्या, "त्यात झाडाचीही चूक नसते."

मला तेव्हा ते नुसतं विज्ञान वाटलं.

त्यांच्या परसात एक दुखणं होतं. शेजारी एका रिसॉर्टची भिंत बांधली तेव्हा उतार सपाट करायला तिथे मुरूम टाकला गेला. त्या मुरमात वाल यायचा, चवळी यायची, कारण ती कुणाही रानटी जिवाणूशी जुळवून घेतात. हरभरा मात्र हट्टी. त्याला त्याचाच जिवाणू लागतो, दुसरा चालत नाही. बाई दर हिवाळ्यात हरभरा पेरायच्या आणि तो पिवळा पडायचा. उपटला की मूळ कोरं. जिवाणूंची पाकिटं दुकानात मिळतात. बाईंनी आणूनही बघितली. ती महिनोन्‌महिने उन्हात, काचेआड पडलेली, त्यात जिवंत काय राहणार? मी म्हटलं, चांगल्या ठिकाणाहून मागवू. बाई हो हो म्हणाल्या आणि मागवलं नाही. त्यांच्या मनात दुसरंच होतं. जिथे पिढ्यान्‌पिढ्या भातामागून हरभरा झाला त्या परंदवडीच्या शेतातली एक पाटी माती त्यांना हवी होती. पेरताना ती सरीत टाकली की झालं, जुने लोक असंच करायचे.

त्या वर्षी बातमी आली की बापूने ते शेत गोडाऊनसाठी द्यायचं ठरवलं आहे. भात निघाला की वरची माती खरवडून मुरूम पडणार. बाई दिवसभर परसात खुरपत राहिल्या. संध्याकाळी म्हणाल्या, "तुझी सुट्टी मंगळवारी ना? माझ्याबरोबर चल. एकटीने मागायला मला जमणार नाही."

आम्ही लोकलने बेगडेवाडीला उतरलो आणि रिक्षाने परंदवडीला गेलो. बापूचं घर नवं, फरशीचं. मागच्या दारापासूनच शेत सुरू व्हायचं, भात कापून झालेला. चहा झाला, पोराबाळांची चौकशी झाली. भावजय दाराशी उभी होती, पदर डोक्यावर. मग बाईंनी मातीचं काढलं. का हवी, तिच्यात कोण राहतं, हरभऱ्याला दुसरा कुणी का चालत नाही, सगळं नीट समजावून सांगितलं, वर्गात सांगत असतील तसं.

बापू कपाच्या तळाशी बघत होता. "आक्का, तू सही केलीयास. समद्यांसमोर केलीयास."

"मी जमीन मागत नाही रे. एक पाटी माती मागतेय."

"आज पाटी न्हेशील, उद्या मोजणीवाला आनशील. कंपनीचा मानूस परवाच इचारत व्हता, बहिनींचं काय न्हाई ना म्हून." त्याने कप खाली ठेवला. "आन्‌ शेतातली माती भायेर देत न्हाईत. आई काय म्हनायची आठवतंय का? तांदूळ न्हे. पोतंभर न्हे. माती न्हाई."

मला वाटलं, आता बाई त्याची खोड मोडतील. एवढी सगळी चुकीची वाक्यं त्यांनी एका दमात कधी ऐकली नसतील. पण त्या नुसत्या उठल्या. चप्पल घालायला गेल्या तर पाय चपलेत जाईना. मी हात दिला.

"थांबा वन्सं," भावजय म्हणाली. "वटी भरायची ऱ्हायली."

बापू म्हणाला, "आक्काची? तिची कशी भरतीयास तू? तिचं लगीन कुटं..."

"लेक हाय घरची. माघारी रिकामी धाडू?" ती मागच्या दाराने गेली. परत आली ती सूप घेऊन. सुपात मूठभर तांदूळ, एक सुपारी, आणि बाकी सगळी काळी, ओलसर माती. तिने बाईंना पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि म्हणाली, "पसरा पदर."

बापू उठला. ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "वटीत काय घालायचं त्ये बायांचं काम हाय. तुमी मधी पडू नका."

आणि खरंच तो मध्ये पडला नाही. ओटीत घातलेलं परत मागता येत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. भावजयीने आधी तांदूळ घातले, मग ओंजळी भरभरून माती. बाईंचा कडक इस्त्रीचा पदर भरत गेला. बाई खाली बघत होत्या. त्यांच्या चष्म्याच्या काचेवर पाणी पडलेलं मला दिसलं, आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले. बापू मागच्या दारात जाऊन शेताकडे तोंड करून उभा राहिला.

जिवाणूंना ऊन सोसत नाही, म्हणून माझी ओढणी भिजवून आम्ही ओटीवर घातली. लोकलमध्ये समोरच्या बाईने हात जोडून विचारलं, "कुठल्या देवीला गेला होतात?" बाई म्हणाल्या, "देवी नाही. माती आहे. हिच्या एका चिमटीत अख्ख्या लोणावळ्याहून जास्त वस्ती आहे." ती बाई पुढच्या स्टेशनवर दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. मला हसू आलं, बाईंनाही आलं. पण घर येईपर्यंत त्यांनी पदराची मूठ सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऊन उतरल्यावर आम्ही पेरलं. बियाणं बाजारातल्या दुकानातून आणलेलं. थंडी पडली तसा हरभरा हिरवागार झाला. एका सकाळी बाईंनी मला झोपेतून उठवून खाली नेलं आणि एक रोप उपटलं. मुळावर गाठीच गाठी. त्यांनी एक चिरली. इतका गर्द गुलाबी रंग मी त्यांच्याकडे कधी बघितला नव्हता. "आले," त्या म्हणाल्या. नेहमीसारखं काही समजावलं नाही.

तिकडे शेतावर मुरूम पडला. गोडाऊनचे खांबही उभे राहिले म्हणे.

हरभऱ्याला घाटे धरायच्या सुमाराला बापू आला. न सांगता, एकटाच. मी त्या दिवशी घरी होते. तो घरात आला नाही, बाजूने थेट परसात गेला. कडेला चपला काढल्या आणि अनवाणी हरभऱ्यात शिरला. काम नसलेल्या माणसासारखे त्याचे हात लोंबत होते. मग त्याने शेंड्यावरून तळहात फिरवला, जिभेला लावला. हरभऱ्याच्या पानावर आंबट ओल असते, तिला आंब म्हणतात. बाई मागच्या दारात होत्या. त्यांच्याकडे न बघताच तो म्हणाला, "आपली आंब हाय ही, आक्का. परंदवडीची."

हरभऱ्याची आंब सगळीकडे आंबटच असते. मुळातल्या जिवाणूंचा तिच्या चवीशी काही संबंध नाही. बियाणं तर लोणावळ्याच्या दुकानातलं. हे मला ठाऊक झालं होतं, मग बाईंचं काय सांगावं? आता त्या तोंड उघडणार आणि त्याला सगळं पहिल्यापासून समजावणार, म्हणून मी वाट बघत राहिले.

बाई म्हणाल्या, "व्हय."

हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. मग चहा टाकते म्हणून त्या आत गेल्या. बराच वेळ झाला तरी चहा येईना, म्हणून मी गेले. आधण उकळून अर्धं झालं होतं आणि बाई साखरेचा डबा हातात घेऊन उभ्या होत्या.

मी हळूच म्हटलं, "बाई, आंबेला जिवाणूंची चव येते का हो?"

"नाही येत."

"मग त्यांना सांगितलं का नाही?"

त्यांनी डबा खाली ठेवला. "आपली म्हणाला गं तो," त्या म्हणाल्या. "ते मी खोडू?"